पडदा टेबलाखाली

माझ्या कॉम्प्युटरचा आवाज ज्यांनी काढून टाकला ते माझे सख्खे मामा. परक्या माणसानं काढला असता तर दोन शिव्या हासडून मी मोकळी झाले असते. मामांना शिव्या घालता येत नाहीत. म्हणून त्या दिवशी मी दुसरंच काहीतरी केलं, आणि ते केल्याचं मला आजही जराही वाईट वाटत नाही.

मामांचं नाव गुरुबसप्पा. उदगीरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, कुणालाही विचारा, थेट दुकानापर्यंत आणून सोडतील. कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. पण दुरुस्ती कमी आणि काढाकाढी जास्त. एखाद्यानं रेंगाळणारं मशीन आणलं की मामा त्यात नवीन काही घालायचे नाहीत, आधी काय काय बाहेर फेकता येईल ते बघायचे. खेळ काढा, घड्याळं काढा, कोपऱ्यातून डोकावणाऱ्या सूचना काढा. आमच्या घरात मराठी बोलता बोलता मध्येच कानडी येतं आणि मामांच्या तोंडात दिवसभर एकच कानडी शब्द असतो, साकु. म्हणजे पुरे. ताटात भाकरी वाढताना साकु, लग्नात आहेर करताना साकु, कॉम्प्युटरात तर साकुच साकु.

त्यांचं म्हणणं असं, की कॉम्प्युटरची सिस्टीम आपल्या देवासारखी असावी. आम्ही लिंगायत. आमचा देव तळहातावर मावतो. इष्टलिंग गळ्यातून काढायचं, डाव्या हातावर ठेवायचं, भस्म, बेलपान आणि थोडं पाणी, झाली पूजा. मध्ये ना कुणी पुजारी, ना घंटा, ना रांग. एवढ्यावर माणूस तरून जातो, मग टपाल लिहायला आणि हिशोब करायला पडद्यावर एवढा बाजार कशाला, असं मामा गिऱ्हाइकाला ऐकवायचे. गिऱ्हाईक लिंगायत असो की मुसलमान, मान डोलवायचं. कारण मामांच्या हातून गेलेलं मशीन खरंच वाऱ्यासारखं सुरू व्हायचं.

आता माझं. मी नीलम्मा. मला दिसत नाही. लहानपणी उजेड आणि माणसांच्या आकृत्या कळायच्या, शाळेत जाईपर्यंत तेही गेलं. लातूरला अंधांच्या शाळेत शिकले. तिथंच कॉम्प्युटर शिकले, तो बोलणारा. कळ दाबली की तो अक्षर बोलतो, पडद्यावर जे असेल ते वाचून दाखवतो. आवाज भयंकर आहे. पत्र्याच्या डब्यात डोकं घालून कुणी नाकातून मराठी बोलावं तसा. पहिल्यांदा ऐकला तेव्हा आम्ही सगळ्या मुली पोट धरून हसलो होतो. नंतर त्याच आवाजात मी धडे वाचले, अर्ज लिहिले, आणि त्या उन्हाळ्यात अख्ख्या गावाचं पाणी वाटलं.

तो उन्हाळा कुठला ते इकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. लातूरला रेल्वेनं पाणी आलं तोच. आमच्या गावात रेल्वे आली, पण पाण्याची नाही. विहिरी खडखडीत, बोअर फुसफुसायच्या आणि गप्प व्हायच्या. मोंढ्यात ना तूर ना हरभरा, हमाल कट्ट्यावर बसून. तेव्हा आडत्यांनी मिळून एक टँकर सुरू केला, फुकट. देवणी रोडवरच्या एका बागाईतदारानं विहीर मोकळी केली होती, तिथून पाणी भरायचं. मोंढ्यातल्या पत्र्याच्या खोलीत टेबल, फोन आणि एक जुनाट कॉम्प्युटर मांडला आणि शिवरात्रीपासून त्या खुर्चीत मला बसवलं.

काम सोपं होतं आणि नव्हतंही. फोन यायचा, मी गल्ली, घर, घरात म्हातारं-आजारी कुणी आहे का ते लिहून घ्यायची. कॉम्प्युटर ते नंबरानं लावायचा. टँकर भरून आला की ड्रायव्हर मोहियोद्दीनचाचा खिडकीशी हॉर्न द्यायचे, मी त्या डबड्या आवाजाला यादी वाचायला लावायची, ती ऐकून चाचा निघायचे. पहिली खेप दवाखान्याला आणि शाळेला ठरलेली. दुसऱ्या खेपेपासून सगळं त्या यादीवर. बायका फोनवर भांडायच्या, रडायच्या, माझ्या सात पिढ्या काढायच्या. मला ते आवडायचं. माझ्याशी कुणी जपून बोलत नव्हतं. मी आंधळी म्हणून आवाज खाली आणत नव्हतं. पाण्यासाठी जशी कुणाशीही भांडतात तशी माझ्याशी भांडत होते.

या सगळ्यावर आडत्यांचे सेक्रेटरी होते शेषेराव. माणूस वाईट नाही, पण त्यांना जिल्ह्याचं वेड. उदगीर जिल्हा होणार ही बातमी आमच्याकडे दर उन्हाळ्यात येते आणि पावसाळ्यात विरते. त्या वर्षी पाऊसच नव्हता, त्यामुळे बातमी विरायची राहून गेली. शेषेरावांना वाटायचं की जिल्ह्याचं गाव म्हणवून घ्यायचं तर प्रत्येक खोली जिल्ह्याची दिसली पाहिजे. त्यांनी बाहेरून कुणाला तरी आणून माझ्या कॉम्प्युटरात नवी सिस्टीम घालून घेतली. पडद्यावर गावाचा रंगीत नकाशा, त्यात पळणारे टँकर (खरा टँकर एकच), आणि जरा हात थांबला की निळ्या पाण्यात पोहणारे मासे. मासे बघायला म्हणे हमाल खिडकीशी गर्दी करायचे. प्यायला पाणी नाही आणि शेषेरावांच्या पडद्यावर तळं भरलंय, अशी टिंगल मोंढाभर झाली.

त्या भपक्याखाली मशीन धापा टाकायला लागलं. कॉम्प्युटरमधला माझा आवाज अडखळायला लागला. एक गल्ली वाचायचा आणि दुसरी येईपर्यंत मी पदरानं वारा घेत बसायची. तेव्हा मीच मामांना म्हटलं की हे ओझं उतरवा, हलकं करा. हे मुद्दाम सांगते. साधेपणाशी माझं वैर कधीच नव्हतं. मासे जावेत असं मलाही वाटत होतं.

मामांनी शेषेरावांना पटवलं. रविवारी खोली बंद ठेवून त्यांनी पाण्याची यादी तेवढी राखून बाकी सगळं पुसलं आणि स्वतःची चाळून घेतलेली सिस्टीम घातली.

सोमवारी सकाळी मी कुलूप काढलं, बटण दाबलं. पंखा फिरला आणि मशीन इतक्या लवकर तयार झालं की मला हसू आलं. मग मी वाट बघितली. कळ दाबली. काही नाही. दुसरी दाबली, सगळ्या दाबल्या. स्पीकरची वायर बोटांनी चाचपत मागपर्यंत गेले, ती जागेवर होती. मशीन चालू होतं, थंड वारा सोडत होतं, आणि माझ्याशी एक शब्द बोलत नव्हतं. घरातलं माणूस रुसून पाठ फिरवतं तसं वाटलं मला.

मी समोरच्या दुकानातून मामांना बोलावलं. मला वाटलं होतं ते जीभ चावतील, म्हणतील, अगं विसरलोच की. विसरले असते तर मी तिथल्या तिथं माफ केलं असतं. पण ते विसरले नव्हते. त्यांनी ठरवून काढला होता. तो आवाज एकटा अर्धं मशीन खातो, दिवसभर बडबडतो, आणि बाकी कुणालाच लागत नाही, असा त्यांचा हिशोब. शेषेरावांशी बोलणंही झालं होतं. मी नुसता फोन घ्यायचा आणि मोठ्यानं सांगायचं, टाइप दुसरं कुणी करेल. मलाच आराम.

एवढ्यात शेषेराव आले. चपलेच्या करकरीवरून मी त्यांना ओळखते. ते म्हणाले की येत्या आठवड्यात जिल्ह्याच्या मागणीसाठी पुण्या-मुंबईची काही मोठी माणसं गाव बघायला येणार आहेत, या खोलीतही येणार, आणि त्या वेळी खुर्चीत… तिथं ते थांबले. वाक्य पुरं केलं नाही. डोळे नसलेल्या माणसापुढं वाक्य अर्धवट सोडलं की ते त्याला कळत नाही, असा पुष्कळांचा समज असतो.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. खुर्ची जात होती माझी. पाण्याच्या त्या फाटक्या खोलीतली, बसलं की कुरकुरणारी खुर्ची. मी इतरांपेक्षा भारी काम करते असा माझा दावा नव्हता. शेषेरावांनी एखादा चुणचुणीत पोरगा आणला असता तर त्यानंही ते नीटच केलं असतं. पण ते काम माझं होतं. मी त्यात चुकत होते, शिकत होते, शिव्या खात होते. ते कुणी मला दान म्हणून दिलेलं नव्हतं, आणि दुसऱ्या कुणाला बघायला बरं वाटत नाही म्हणून ते कुणी काढून घ्यावं, हे मी होऊ देणार नव्हते.

मी विचारलं, “मामा, लागत न्हाई ते काढायचं, आसंच हाय न तुमचं?”

मामा म्हणाले, “हाव. आसंच हाय.”

मी उठले. टेबलावर तो जुना पेटाऱ्याएवढा पडदा होता, मागं कुबड असलेला. त्याच्या कुबडावरून हात फिरवत मागची वायर शोधली आणि उपसून काढली. मग दुसरी. मग दोन्ही हातांनी त्याला कवेत घेतलं आणि उचलला. धूळ नाकात गेली, कंबरेतून कळ आली. शेषेराव आरे आरे करत पुढं आले, पण कुठं धरावं हे त्यांना कळेना. मी पडदा टेबलाखाली जमिनीवर ठेवला, पायानं आत सरकवला आणि परत खुर्चीत बसले.

“हा मला लागत न्हाई,” मी म्हटलं. “एवढ्या दिसांत एकदाबी लागला न्हाई. सगळ्यात जास्त करंट हाच खातो, तुमीच सांगत व्हतात. काढला. आता झालं मशीन एकदम साधं. घ्या चालवून.”

बाहेर कट्ट्यावरचे हमाल गप्प झाले होते. म्हणजे ऐकत होते.

शेषेराव चिडले. त्यांनी मला पोरी, ताई, बाई असं सगळं म्हणून बघितलं. मोहियोद्दीनचाचा पहिली खेप टाकून पाणी भरायला गेलाय, तो आल्यावर त्याला काय सांगायचं, गाव तहानेलं असताना हा कसला हट्ट, असं बरंच. ते खरंच होतं. सकाळपासून आलेले फोन मी कानानं धरून ठेवले होते, पण शनिवारची उरलेली यादी मशीनमध्ये होती. पत्र्याच्या वस्तीतली एक बाळंतीण त्यात होती. चाचा यायच्या आत हे मिटायला हवं होतं, हे मला कळत होतं. पण प्रत्येक वेळी घाई आहे म्हणून आमच्यासारख्यांनीच उठायचं, हेही मला कळत होतं. मी खुर्चीच्या दोन्ही हातांना घट्ट धरून बसले.

मामा माझ्याजवळ सरकले. मग हळू आवाजात समजावणीला आले. एका माणसासाठी सगळ्या मशीनवर भार टाकायचा नसतो, एकाला आवाज, दुसऱ्याला मासे, तिसऱ्याला नकाशा, असं करत करत सिस्टीमचा उकिरडा होतो, हे त्यांनी आयुष्यभर बघितलं होतं. साधं म्हणजे सगळ्यांना पुरेल एवढंच. त्यांच्या आवाजात कपट नव्हतं. त्याचाच मला जास्त राग आला.

मी गळ्यातली चांदीची डबी पुढं काढली. माझं इष्टलिंग त्यात असतं. मला ते स्वामींनी दिलं तेव्हा मी पाळण्यात होते. डोळे गेले तरी पूजा कधी चुकली नाही, कारण ती हातांनीच करायची असते. त्या उन्हाळ्यात तर आम्ही घरात सगळे चमचाभर पाण्यात पूजा करत होतो, मामाही.

“मामा,” मी म्हटलं, “आपल्या घरात परतेकाच्या गळ्यात येगळं इष्टलिंग कशाला पाहिजे? तुमचं एकच ठेवू की सगळ्यांला. पाणीबी वाचंल. साकु.”

त्यांचा श्वास अडकलेला मला ऐकू आला. आमच्यात एकाचं इष्टलिंग दुसरा गळ्यात घालत नाही. ते हरवलं तर माणूस जेवत नाही. मेल्यावर ते त्याच्याबरोबरच मातीत जातं. ज्याचं त्याला. हे मामांनीच मला शिकवलं होतं, माझे वडील गेल्यावर, मांडीवर बसवून.

“देव साधा हाय,” मी म्हटलं, “पण जेचा तेचा हाय. तुमी तुमचा साधेपणा माझ्या गळ्यात बांधायलात.”

एवढं बोलून झाल्यावर मला रडू यायला लागलं. मी ते येऊ दिलं. पुसलंही नाही.

तेवढ्यात छताचा पंखा घरघरत थांबला. लाईट गेली. रोजचीच वेळ होती ती. टेबलाखालची बॅटरी पीं पीं करायला लागली. रोज ही पींपीं सुरू झाली की मामा समोरून ओरडायचे, सगळं आवर, बंद कर, कारण पडदा बॅटरी घटाघटा पिऊन टाकायचा. आज पडदा सुटा पडला होता. मशीन आपलं एका लयीत चालत होतं.

मामा दुकानात गेले. मला वाटलं, चिडून गेले. शेषेरावांनीही तेच धरलं असावं, कारण ते लगेच फोनवर कुणाला तरी बोलावू लागले. पण मामा परत आले, माझ्यासमोर वाकले, टेबलाखालून पडदा ओढून वर घेतला आणि वायरी जोडल्या. त्यांच्या हातात काहीतरी खडखडलं. लातूरच्या शाळेतून मी आणलेली सीडी, त्या आवाजाची. ती त्यांनी जपून ठेवली होती.

मी खुर्ची सोडली नाही. ते माझ्या खांद्यावरून हात लांब करून कळा दाबत राहिले, त्यांचा घाम माझ्या दंडावर पडत होता. बॅटरीची पींपीं जवळजवळ यायला लागली. शेषेराव मामांना म्हणाले, “मास्तर, मरंल हं बॅटरी.” सीडी आत फिरत होती आणि आम्ही तिघंही तिच्या घुंईकडं कान लावून उभे असल्यासारखे होतो. लांबून टँकरचा हॉर्न आला. मोंढ्याच्या कमानीत चाचा वळत होते.

आणि मग डब्यात डोकं घालून कुणीतरी नाकातून बोललं. काय बोललं ते महत्त्वाचं नव्हतं, ‘सुरू’ की असंच काही. बाहेर एक हमाल फिसकन हसला. मला ते हसणंसुद्धा गोड लागलं.

पींपीं आता अखंड झाली होती. मामांनी एका झटक्यात पडद्याची वायर उपसली. पींपीं परत संथ झाली. त्यांनी तो पेटारा उचलला, कण्हत खाली बसले आणि टेबलाखाली ठेवून दिला, मी ठेवला होता तिथंच, अगदी भिंतीला टेकवून.

शेषेराव म्हणाले, “आवं पण आमी बघायचं कशात? ती मोठी मानसं आल्यावर काय दाखवायचं?”

“ऐकायला सांगा,” मी म्हटलं.

चाचांनी खिडकीशी इंजिन बंद केलं. “बेटा, दुसरी खेप किधर ले जाऊं?” त्यांना आत काय झालं याचा पत्ता नव्हता.

मी कळ दाबली. आवाज यादी वाचायला लागला. पत्र्याची वस्ती, बाळंतीण, ड्रम एक. गवळी गल्ली, म्हातारी एकटी, घागरी. नावांची वाट लावत, जिथं थांबायचं तिथं न थांबता, जिथं नाही तिथं थांबत, एकसुरी, चढ्या आवाजात तो वाचत सुटला. लाईट नसल्यानं अख्ख्या मोंढ्यात दुसरा आवाजच नव्हता. चाचा प्रत्येक नावाला हाव हाव करत होते.

“लई वाईट आवाज हाय ह्यो,” मामा माझ्या मागून म्हणाले.

“वाईट हाय,” मी म्हटलं. “माझा हाय.”

यादी लांबत गेली. शनिवारचे राहिलेले, त्याआधीचे मागं पडलेले, सगळ्यांची तहान त्या नाकातल्या आवाजातून बाहेर येत होती. शेषेरावांना ते सहन होईना. त्यांनी मामांच्याच शब्दात मामांना टोमणा मारला. म्हणाले, “आता साकु करायला सांगा की भाचीला.”

मामांनी माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. खुर्ची कुरकुरली.

“बोलू द्या तिला,” ते म्हणाले.